दुहेरी काच

खिडकी उघडी होती तोवर रस्ता ऐकू येत होता. गाड्या, कुणाचं तरी हसणं, कुठेतरी फरसबंदी फोडणारं यंत्र. मग फोनच्या पडद्यावर नवऱ्याचा हात आला, त्याने खिडकी ओढून घेतली, मूठ खाली फिरवली आणि सगळं बंद झालं. हळूहळू नाही, एकदम. फोन बिघडला असं वाटून मी तो हलवला, तेवढ्यात त्याचा आवाज आला, खुशीत असला की येतो तसा, खालच्या पट्टीतला: "बघितलंस? दुहेरी काच. खालून रणगाडा गेला तरी झोपमोड नाही. कंपनीच देतेय हा फ्लॅट. बोल, अजून काय पाहिजे?" व्हिडिओ तिथे संपला. मी जेवायला डबा उघडून बसले होते, तो तसाच झाकून ठेवला. नवरा मुलाखतीसाठी त्या देशात गेला होता, नोकरी मिळाली होती, आणि आता तो मला आमचं घर दाखवत होता. घर चांगलं होतं. उजेड होता, भिंती पांढऱ्या होत्या, स्वयंपाकघरात चार शेगड्या होत्या. मी व्हिडिओ पुन्हा लावला आणि फक्त शेवटचा भाग ऐकला, खिडकी बंद होण्याचा. बाहेरचं आत येत नाही हे त्याने दाखवलं होतं. आतलं बाहेर जाणार नाही हे त्याला दाखवायचं नव्हतं, की तेवढंच दाखवायचं होतं, ते मला ठरवता येईना.

माझं कामच आवाजाचं. दवाखान्याच्या तळघरात मी लोकांचे कान तपासते. खोलीच्या आत एक खोली आहे, जाड दाराची, आतून सगळीकडे मऊ अस्तर लावलेली. आम्ही तिला पेटी म्हणतो. माणूस पेटीत बसतो, कानावर हेडफोन, हातात बटण. मी बाहेर यंत्रापाशी. आमच्या मध्ये एक खिडकी, तीही दुहेरी काचेचीच. मी सूर सोडायचा, त्याने ऐकू आला की बटण दाबायचं, मग मी सूर आणखी बारीक करत न्यायचा, जिथे तो हरवतो तिथे खूण करायची. सोपं आहे, पण माणसं सोपी नसतात. त्यांना नापास व्हायचं नसतं. ती कानाने कमी आणि डोळ्याने जास्त ऐकतात, माझा खांदा हलला की बटण दाबतात, भुवई हलली की दाबतात. म्हणून या धंद्यात पहिली गोष्ट शिकवतात ती चेहरा मेलेला ठेवायची. बोट हललं तरी मनगट हलू द्यायचं नाही, काही झालं तरी डोळे सूचना देणार नाहीत असं बघायचं. मी यात पटाईत आहे. वरिष्ठ बाई नवीन मुलींना माझ्याकडे पाठवतात, म्हणतात, हिच्याकडे बघा, हिच्या तोंडावर माशी बसली तरी कळायचं नाही. त्यांना वाटतं मी हे दवाखान्यात शिकले.

दुसरी एक युक्ती आहे. एक कान ठार बहिरा असला तरी दुसरा चांगला कान त्याला चोरून मदत करतो. डोक्याच्या हाडातून आवाज पलीकडे जातो आणि माणसाला प्रामाणिकपणे वाटतं की आपण बहिऱ्या कानानेच ऐकलं. म्हणून चांगल्या कानात मुद्दाम खळखळाट सोडायचा, म्हणजे तो त्यात गुंतून राहतो आणि मदतीला येऊ शकत नाही. हे मी एकदा नवऱ्याला हौसेने समजावून सांगितलं होतं, लग्नानंतर लगेच, त्याला माझ्या कामाचं कौतुक होतं तेव्हा. त्याने लक्ष देऊन ऐकलं होतं. तो हुशार आहे. बर्फाच्या कारखान्यातली आणि शीतगृहांतली मोठी यंत्रं तो नुसत्या आवाजावरून ओळखतो, कुठलं कधी बंद पडणार ते. आमच्या इमारतीत कुणाचा फ्रिज बिघडला तर याला बोलावतात आणि हा पैसे न घेता, वर विनोद करत करत, चालू करून देतो. लोक मला जिन्यात थांबवून सांगतात, नशीब काढलंस हो. मी मेलेला चेहरा जरा हसरा करते.

पहिल्यांदा झालं ते इतक्या फालतू कारणावरून की कुणाला सांगितलं तर हसू येईल. त्याचे मित्र आले होते, तो कुठल्याशा प्रवासाची गोष्ट सांगत होता, आणि मी मध्येच म्हणाले, अरे तेव्हा गाडी चुकली नव्हती, आपणच उशिरा निघालो होतो. एवढंच. मित्र हसले, तोही हसला, मित्रांना खालपर्यंत सोडून आला, दार लावलं आणि माझ्या डाव्या कानावर पूर्ण पंजा मारला. दुखलं नाही आधी. आधी फक्त आवाज झाला, डोक्याच्या आत काहीतरी फाटल्याचा, आणि मग शिटी सुरू झाली. माझ्यातली कान तपासणारी बाई तेवढ्यातही म्हणाली, पडदा गेला. हात दुसऱ्यांदा उठला. मी "नको" म्हणाले. तिसऱ्यांदाही उठला. आणि तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला पाइप वाजला, टण टण.

हा पाइप समजला पाहिजे. आमच्या इमारतीत पाण्याला वेळ नाही. येईल तेव्हा येतं, थोडा वेळ राहतं आणि जातं. सगळ्या मजल्यांच्या स्वयंपाकघरांतून एकच जाड लोखंडी पाइप वर गेलाय, अंगावर रंगाचे बोटभर थर चढलेला. पाणी आधी खालच्यांना मिळतं, म्हणून रीत अशी की खालच्याने हाताला लागेल त्याने पाइपावर दोन ठोके द्यायचे, वरच्याने ऐकले की त्याने आणखी वरच्यासाठी द्यायचे. ठोके ऐकले की माणसं जेवणावरून उठतात, आंघोळीतून बाहेर येतात, आणि बादल्या घेऊन नळाशी उभी राहतात. आमच्या खाली एक शिंपीणबाई राहतात, एकट्या, बायकांचे कपडे शिवणाऱ्या. त्या आपल्या मोठ्या कात्रीच्या मुठीने ठोके देतात, त्यामुळे आमच्याकडे येणारा आवाज नेहमी एकच, खणखणीत. त्या संध्याकाळी तो आला आणि नवऱ्याचा हात वरच थांबला. मग तो अगदी घरगुती आवाजात म्हणाला, "पाणी आलं वाटतं." त्याने बादली उचलली. एक मला दिली. आम्ही दोघे नळाखाली बादल्या धरून उभे राहिलो, माझ्या कानातून गळ्यावर काहीतरी ऊन ओघळत होतं, आणि नळ फुस्स करून नुसती हवा सोडत होता. त्याने नळाकडे त्रासून बघितलं. "गेलं वाटतं," तो म्हणाला, आणि झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई जिन्यात भेटल्या, गळ्यात माप घ्यायची फीत, तोंडात टाचणी. टाचणी काढून म्हणाल्या, "काल पाणी आलं नाही का गं? मला वाटलं आलं."

"नाही आलं."

"हं," त्यांनी माझ्या कानातल्या कापसाकडे बघितलं. "पुन्हा वाटलं की वाजवीन. म्हातारपणी कानाला भास होतात, तू मनावर घेऊ नकोस."

या विषयावर आम्ही दोघी आयुष्यात एवढंच बोललो. पण त्यानंतर जेव्हा जेव्हा आमच्याकडे भांडं आपटलं, किंवा मी भिंतीवर आपटले, तेव्हा तेव्हा पाइप वाजला. आणि दर वेळी तो थांबला. दर वेळी म्हणाला, पाणी आलं वाटतं. कोरड्या नळाखाली किती वेळा उभं राहिलो असू याचा हिशोब मी ठेवला नाही. एकदा खरंच पाणी आलं होतं, तेव्हा तो मनापासून हसला आणि मीही हसले, याची मला अजून किळस येते. कधी कधी वाटायचं, एवढ्या दोन ठोक्यांत काय ताकद आहे? तो शिंपीणबाईंना घाबरत होता थोडाच. तो फक्त कुणीतरी ऐकतंय याला घाबरत होता. त्याला चांगला माणूस असण्याची फार हौस आहे आणि तो माझ्या जिवावर उठला नाही तो त्या हौसेमुळे आणि त्या कात्रीमुळे.

म्हणून तो देश मी कसा तोलणार होते? लोक कसे तोलतात मला माहीत आहे. हवा, रस्ते, दवाखाने, मुलांच्या शाळा. आम्हाला मूल नाही. एक होऊ घातलं होतं, ते जिन्यावरून घसरून गेलं असं आम्ही सांगतो. माझी ताई त्याच देशात दुसऱ्या गावी असते, गाडीने अर्ध्या दिवसावर. व्हिडिओ बघितल्यावर मी तिला फोन केला, सहज विचारतेय अशा आवाजात. ती सुरूच झाली. "ये गं बाई एकदाची. इथे काय नाही ते विचार. माणसं इतकी सभ्य, कुणी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. आठ आठ वर्षं शेजारी राहतात आणि एकमेकांची नावं विचारत नाहीत. आणि पाणी! चोवीस तास. नळ सोडला की हजर. मी तर विसरलेच बादली कशी असते ते."

"आणि समजा काही झालं तर?"

"काय होणार आहे? झालंच तर एक फोन करायचा, पोलीस दारात. इथे बाईमाणसाला फार जपतात. तू इतकी का घाबरतेयस?"

"घाबरत कुठे आहे."

"मग झालं तर. तुझ्या नवऱ्यासारखा माणूस बरोबर असताना कसली काळजी."

मी फोन ठेवला. ताई खोटं बोलत नव्हती. तिकडे कायदा होता, आणि इथे काय होतं, एका शिंपिणीची कात्री. हे काही तोलून बघायला तराजू लागत नाही. एक फोन. पण तो आधी फोन घेतो. हात उचलायच्या आधी तो माझा फोन उचलतो आणि खिशात टाकतो, चष्मा काढून ठेवावा तसा. आणि समजा फोन हातात राहिला, समजा लागला, तर पलीकडचा माणूस विचारणार, काय झालं, आणि मला ते परक्या भाषेत सांगावं लागणार. जे मी माझ्या भाषेत, माझ्या बहिणीला, एवढ्यात हातात फोन असताना सांगू शकले नव्हते. शिवाय तिकडे राहायचं तर त्याची बायको म्हणून. माझा तिथला श्वासही त्याच्या नोकरीच्या दोरीला बांधलेला. आणि पाणी चोवीस तास. जिथे पाणी कधी जातच नाही तिथे पाइप कोण कशाला वाजवेल?

तरी मला जायचं होतं. हे कबूल करायला मला राग येतो, पण होतं. लग्नाआधी त्या देशातल्या एका संस्थेत पुढचं शिकायचं म्हणून मी भाषेचे धडे गिरवले होते, ते राहिलंच. त्या स्वच्छ रस्त्यांवरून हातात पुस्तकं घेऊन चालणारी मी मला अजून दिसते. आणि तो म्हणायचा ते मला अर्धंमुर्धं पटायचं. मार दिल्यानंतरच्या सकाळी तो चहा करून आणायचा, पलंगाच्या कडेला बसायचा, म्हणायचा, "मी असा नाहीये गं. हे गाव असं आहे. जिना, गर्दी, पाण्याची मारामारी, वरच्याच्या खुर्च्या ओढण्याचा आवाज. माणसाचं डोकं फिरतं. आपण शांत जागी गेलो ना की बघ." त्याचे डोळे तेव्हा खरे असायचे. म्हणजे मी कान तपासते, डोळे नाही, पण तसे वाटायचे. माणूस जागा बदलली की बदलतो, असंही होत असेल. झाडाची कुंडी बदलतात की लोक.

तो परत आला तो बॅगभर वस्तू घेऊन. शिंपीणबाईंना सुयांची पेटी आणली होती, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बसचालकाला टोपी. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. मला त्याने मिठी मारली आणि हळूच सांगितलं की आठवडाअखेर तू दवाखान्यात राजीनामा दे, कंपनीला कळवायचंय. मग म्हणाला, एक काम तुझ्याकडेच आहे. नव्या नोकरीत यंत्रांचा आवाज फार, म्हणून कान तपासल्याशिवाय ते घेत नाहीत, आणि कान तपासायला बायकोच असेल तर याहून सोयीचं काय. "घरचा वशिला," तो म्हणाला आणि डोळा मारला.

तसा तो दुसऱ्या दिवशी पेटीत बसला. नर्स बाहेर पॅसेजमध्ये होती, तिच्याशी थट्टा करून आत आला, हेडफोन घातला, बटण हातात घेतलं, काचेतून मला सलाम केला. मी दार लावलं. ते दार लागलं की हवा दाबली जाते आणि आतला माणूस आपोआप एकदा आवंढा गिळतो, त्यानेही गिळला. मी सूर सोडला. त्याने बटण दाबलं. बारीक केला. दाबलं. आणखी बारीक. दाबलं. मी थांबण्याची लय मोडली, लांबवलं, दोन सूर पाठोपाठ सोडले, चेहरा दगडाचा ठेवला. तो चुकला नाही. सूर इतका बारीक झाला की तरुण मुलांनासुद्धा तिथे ऐकू येत नाही, आणि त्याचं बोट अचूक दाबत होतं. मी उजवा कान तपासला, डावा तपासला. सगळ्या पट्ट्या. त्याचे कान निर्दोष होते. इतके चांगले कान मी वर्षात एखादेच बघते. मी खूण करत होते आणि माझ्या ध्यानात आलं की म्हणजे त्याला सगळं ऐकू आलं होतं. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत होते की रागात त्याला ऐकू येत नाही, रक्त डोक्यात चढलं की माणूस बहिरा होतो, माझे शब्द त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. पोचत होते. प्रत्येक "नको" पोचलं होतं. पहिलं, जोरातलं, आणि नंतरची, श्वासाएवढी. त्याला ती ऐकू आली होती आणि त्याने बटण दाबलं नव्हतं.

मी आवाजाचं चाक फिरवलं. विचार करून नाही. हात गेला आणि फिरवलं, शेवटपर्यंत, जिथे यंत्र लाल दिवा लावतं आणि जिथपर्यंत न्यायला आम्हाला मनाई आहे. आणि सोडला सूर, त्याच्या डाव्या कानात. तो खुर्चीवरून उडाला. हेडफोन ओरबाडून काढला, फेकला, उभा राहिला आणि ओरडला. आतलं बोलणं मला ऐकू येण्यासाठी एक खटका आहे, तो मी लावला नव्हता. त्यामुळे मला फक्त तोंड दिसलं. तोंड उघडत होतं, मिटत होतं, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, कानावर हात दाबलेला, दुसरी मूठ काचेवर आपटत होती आणि तिचाही आवाज नव्हता. पेटीचं दार आतून जोर लावून ढकलावं लागतं हे त्याला सुचत नव्हतं. मी उठून दार उघडायला हवं होतं. मी बघत बसले. मला वाटलं होतं मला आनंद होईल, इतके दिवस रात्री पडल्या पडल्या मी त्याला काय काय केलं होतं मनात, त्याची बोटं दारात धरून दार लावलं होतं, चहाचं आधण तोंडावर ओतलं होतं. आनंद झाला नाही. दयाही आली नाही. खरं सांगायचं तर मला हसू येत होतं. काचेमागे एक माणूस जिवाच्या आकांताने ओरडत होता, तो माझा नवरा होता, मीच त्याला दुखवलं होतं, आणि आवाज नव्हता म्हणून ते सगळं एखाद्या गमतीसारखं दिसत होतं. आवाज गेला की माणसाचं माणूसपण इतकं जातं हे मला माझ्या धंद्यात राहूनही कळलं नव्हतं. आणि मग हसू थांबलं. कारण मी दुहेरी काचेच्या बाहेर होते, सभ्य शेजाऱ्यासारखी, आणि मला काहीच होत नव्हतं.

मी दार उघडलं. तो बाहेर आला तेव्हा पांढराफटक पडला होता. नर्स धावत आली. त्याने एक क्षण माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि चेहरा सावरला. "आमच्या बाईसाहेब एक दिवस जीव घेणार माझा," तो म्हणाला, आणि नर्स हसली. घरी येण्याच्या वाटेवर त्याने रस्ता ओलांडताना माझा दंड धरला होता, जपून धरल्यासारखा, आणि अंगठा हाडापर्यंत रुतला होता. समोरून येणारी एक बाई आमच्याकडे बघून कौतुकाने हसली.

घरी आल्यावर मी राजीनाम्याचा विषय निघायची वाट बघितली नाही. तो स्वयंपाकघरात हत्यारांची पेटी घेऊन बसला होता, न्यायचं काय आणि ठेवायचं काय ते वेगळं करत. बाहेर उजेड होता. खाली मुलं खेळत होती. मी दारात उभी राहून म्हणाले, "मी येत नाही."

"कुठे?"

"तिकडे. तू जा. मी इथेच राहणार."

त्याने हातातली पक्कड खाली ठेवली, नीट, रांगेत. "दुपारच्या प्रकाराबद्दल मी काही बोललो का? नाही ना? बोललो नाही. मी मोठ्या मनाने सोडून दिलं. आणि तू मला सांगतेस येत नाही?"

"हो."

"इथे काय ठेवलंय तुझं?"

मला पाइप म्हणायचं होतं. तो उठला. माझा फोन ओट्यावरून घेतला, खिशात टाकला. खिडकी लावली, आमची साधी, एका काचेची, न बसणारी. ती नीट लागत नाही हे बघून तो जरासा हसला. मग बाहेरच्या खोलीत गेला आणि टीव्ही लावला. आवाज वाढवला. आणखी वाढवला. कुठलीशी स्पर्धा चालू होती, हजारो माणसं टाळ्या वाजवत होती, आणि त्या खळखळाटात घर भरून गेलं. तेव्हा मला समजलं. चांगल्या कानाला गुंतवून ठेवायचं, म्हणजे तो चोरून मदत करू शकत नाही. मीच शिकवलं होतं. इतकी वर्षं त्याला ते माहीत होतं, आणि आजपर्यंत त्याने ते वापरलं नव्हतं. पाइप वाजेल तिथे आपण थांबू, याची बहुधा त्यालाही गरज होती. आज त्याला थांबायचं नव्हतं.

पहिला फटका कानावर आला नाही, तोंडावर आला. दात ओठात शिरला, तोंड खारट झालं. मग केस धरून त्याने माझं डोकं फळीच्या कडेवर आपटलं, एकदा, आणि डबे खाली आले, आणि टीव्हीवर कुणीतरी जिंकलं. मी पडले. त्याने पोटात लाथ घातली, जिन्याच्या वेळी घातली होती तिथेच. मी "नको" म्हणाले नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले नाही, त्याला ऐकू येतं हे कळल्यावर कशाला म्हणायचं. मी पाइपाची वाट बघत होते. लहान मूल आईची बघतं तशी बघत होते. खाली शिंपीणबाई असतील, यंत्रावर पाय असेल, वरून टाळ्यांचा आवाज येत असेल, म्हणत असतील, मजेत आहेत आज. पाइप वाजला नाही. तो खाली वाकला आणि त्याचा हात माझ्या गळ्याशी आला. त्याचा चेहरा शांत होता. दुहेरी काच लागली होती. तो देश आमच्या स्वयंपाकघरात आला होता, विमानाचं तिकीटही काढावं लागलं नव्हतं.

फरशीवर चाचपडताना माझ्या हाताला त्याचा मोठा पाना लागला, जाणाऱ्या वस्तूंच्या रांगेतला. थंड, जड, हाताच्या मापाचा असल्यासारखा. त्याचं डोकं माझ्यावर वाकलेलं होतं, कानशील इतकं जवळ की त्यावरची शीर उडताना दिसत होती. तीच जागा, जिथे हाड पातळ असतं. मी रोज त्याच हाडावर, कानामागे, यंत्र टेकवते. मला मारायचं होतं. खोटं कशाला बोलू, मला त्याचं डोकं नारळासारखं फोडायचं होतं, आणि हात वर गेलासुद्धा. डाव्या बाजूला पाइप होता, उजवीकडे ते डोकं, दोन्ही सारख्याच अंतरावर. पण डोकं एकदाच वाजलं असतं. मी हात फिरवला आणि पाइपावर घातला.

तो आवाज मी कधी इतक्या जवळून ऐकला नव्हता. टाळ्यांच्या वर गेला. त्याचा हात सैल झाला. मी पुन्हा घातला. दोन ठोके ही रीत आहे, मी दोनवर थांबले नाही. बसून घातले, गुडघ्यावर येऊन घातले, पाइपाला धरून उभी राहिले आणि दोन्ही हातांनी घातले, रंगाचे थर उडाले, खालचं लोखंड दिसलं, तोंडातलं रक्त त्यावर पडलं, मी घालत राहिले. खालून कात्रीची मूठ वाजली. मग त्याच्याही खालून काहीतरी वाजलं, आणि वरून, बसचालकाकडून, आणि त्याच्याही वरून, अख्खा पाइप हातात थरथरायला लागला. मजल्यामजल्यावर नळ उघडल्याचे आणि हवा सुटल्याचे आवाज आले. मग जिन्यात पावलं.

नवरा मागे सरकला होता. त्याने शर्टाची कॉलर सारखी केली. केसांवरून हात फिरवला. "पाणी आलं वाटतं," तो म्हणाला, आणि खरंच, सवयीने, त्याने बादली उचलली. दारावर थाप पडली. मी त्याच्या अंगावरून गेले, पाना हातात होता म्हणून त्याने वाट दिली, आणि मी दार उघडलं. जिन्यात सगळे उभे होते, ज्याच्या त्याच्या हातात रिकामी बादली. पुढे शिंपीणबाई, एका हातात बादली, दुसऱ्या हातात कात्री, गळ्यात फीत. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग खाली बघितलं, जसं त्या नेहमी बघत.

"पाणी आलं का गं?" त्यांनी विचारलं.

मला हो म्हणता आलं असतं. नाही म्हणता आलं असतं. सगळे बादल्या घेऊन परत गेले असते, तोही नळाखाली उभा राहिला असता, मीही राहिले असते.

"पाणी नाही आलं," मी म्हणाले. "हा मला मारतो. पाणी कधीच आलं नव्हतं. इतकी वर्षं हा मला मारतोय."

माझा स्वतःचा आवाज मला त्या फाटलेल्या डाव्या कानानेही ऐकू आला. जिन्यात कुणी हललं नाही. बसचालकाच्या डोक्यावर ती नवी टोपी होती, ती त्यांनी काढली आणि काय करावं न कळून बादलीत टाकली. मागून नवरा त्याच्या त्या खालच्या पट्टीत म्हणाला, "हिचं डोकं ठिकाणावर नाही हो आज, दवाखान्यातसुद्धा..." शिंपीणबाईंनी उंबरठा ओलांडला. आपली बादली आमच्या दारात पालथी घातली, तिच्यावर बसल्या आणि कात्री मांडीवर ठेवली.

"टीव्ही बंद कर रे आधी," त्या त्याला म्हणाल्या. "तिचं ऐकू येत नाहीये."

त्याने बंद केला.